काष्ठगंध आणि ऋतुपालट

नवरात्राचे घट बसतात त्या सुमारास महाराष्ट्रांतील हवा दुटप्पी होते. पाऊस ओसरलेला असतो, आकाश धुऊन निघालेलें असतें, आणि दुपारचें ऊन चैत्रांतल्यासारखें अंगावर येतें. पण पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटूं लागतें. पुण्यास ह्या दिवसांत दुपारीं पारा ३२ अंशांच्या आसपास चढतो आणि पहाटे तोच २० अंशांच्या आगेमागें उतरतो. अशा वेळीं कपाटांतील अत्तराच्या कुप्यांपुढें उभ्या राहणाऱ्या माणसाची पंचाईत होते. वैशाखांत सुखावणारा मोगरा आतां उथळ वाटतो. आणि गेल्या पौषांत शालीला लावलेलें अगराचें अत्तर भर दुपारीं लोकलच्या डब्यांत लावून गेल्यास शेजारचा गृहस्थ तोंड फिरवून बसतो. ह्या दोहोंच्या मध्यें जें हवें असतें, तें बहुतेक वेळां लाकडाच्या किंवा मुळाच्या वासांत सांपडतें. चंदन, वाळा, नागरमोथा, देवदार, अगर ह्या सर्वांचा मिळून जो एक वर्ग होतो, त्याला काष्ठगंध म्हणावयास हरकत नाहीं. वाळा व नागरमोथा हीं गवतांचीं मुळें आहेत, लाकूड नव्हे, हें खरें; परंतु नाक वनस्पतिशास्त्र जाणत नाहीं, आणि त्याच्या हिशेबीं हीं सर्व एकाच घराण्यांतलीं आहेत.

परदेशी सुगंधाच्या बाटल्यांबरोबर ऋतूंविषयीं जो सल्ला येतो, तो येथें जसाच्या तसा उपयोगी पडत नाहीं. पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथें उन्हाळा सरतो तो थेट थंडीच्या दिशेनें. सप्टेंबरांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं तेथील माणूस लिंबूवर्गीय हलके वास मागें ठेवून लाकडी, राळेच्या, मसाल्याच्या वासांकडे वळतो, आणि तें त्याच्या हवेस धरूनच असतें. आपल्याकडे उन्हाळा आणि थंडी ह्यांच्यामध्यें चार महिन्यांचा पावसाळा बसला आहे, आणि तो संपतांच थंडी न येतां दुसरा, लहानसा उन्हाळा येतो. त्यालाच लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. तेव्हां येथें एकदां नव्हे, दोनदां वास बदलावा लागतो: पहिल्यानें आश्विनांत, आणि पुन्हां कार्तिक सरतां सरतां.

ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यकास चांगलीच ठाऊक होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत ऋतुचर्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत हेमंतासाठीं केशराची उटी आणि अगराची धुरी सांगितली आहे. शरदासाठीं मात्र चंदन, वाळा आणि कापूर. शरदांतल्या संध्याकाळीं गच्चीवर चांदण्यांत बसावें, असेंही तेथें सांगितलें आहे, आणि कोजागिरीस दूध आटवून गच्चीवर जमणारीं आपलीं कुटुंबें तें आजही न वाचतां पाळीत आलीं आहेत. ह्याहूनही उपयोगी असा एक विचार त्याच अध्यायाच्या शेवटीं आहे. संपणाऱ्या ऋतूचे अखेरचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधि होतो. ह्या काळांत जुनी राहणी हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकाएकीं उलटापालट करूं नये. पित्ताच्या प्रकोपाची जी उपपत्ति त्यामागें दिली आहे, ती एखाद्यास मान्य नसेल. पण निरीक्षण म्हणून हें किती अचूक आहे, हें सुगंधाच्या बाबतींत सहज पटतें. वाळ्यावरून एकदम अगरावर उडी मारणें नाकास जड जातें. मध्यें चंदनाची पायरी असली कीं तेंच सोपें होतें.

हवेचा आणि वासाचा असा संबंध कां असावा? वास म्हणजे पदार्थापासून सुटून नाकापर्यंत पोहोंचलेले रेणू. लहान, हलके रेणू चटकन उडतात. मोठे, जड रेणू रेंगाळतात. लिंबाच्या सालींतील मुख्य सुगंधी द्रव्य लिमोनीन हें आहे. त्याच्या रेणूंत कार्बनचे दहा अणू असतात आणि तें १७६ अंश सेल्सिअसला उकळतें. चंदनतेलांतील मुख्य द्रव्य सँटॅलॉल. त्यांत कार्बनचे पंधरा अणू, आणि त्याला उकळावयास ३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. लिंबाचा वास अर्ध्या तासांत उडून जातो आणि चंदनाचा दुसऱ्या दिवशींच्या सदऱ्यावरही राहतो, तो ह्याच कारणानें. वाळा, देवदार, नागरमोथा ह्यांच्या तेलांतही अशा पंधरा कार्बनी रेणूंचाच भरणा असतो.

आतां ह्यावर उष्णतेचा परिणाम पाहावा. अंग तापलें, हवा तापली, कीं प्रत्येक रेणू अधिक वेगानें उडूं लागतो. हलके वास तर मिनिटांत संपतात. आणि जे जड वास थंडींत अंगाशीं लपेटून राहतात, ते उन्हांत एकाएकीं उसळून खोलीभर होतात. अगर किंवा कस्तुरीच्या जातीचा वास दुपारीं असह्य होतो तो ह्यामुळें. त्यांत अत्तराचा दोष नसतो, वेळेचा असतो. उलट पौषांतल्या कोरड्या पहाटे वाळ्याचें अत्तर लावलें तर तें जणूं लावलेंच नाहीं असें वाटतें. ऑक्टोबरमध्यें एकाच दिवसांत ह्या दोन्ही अवस्था येतात. म्हणून त्या काळीं असा वास हवा कीं, जो उन्हांत उसळणार नाहीं आणि गारव्यांत विझणार नाहीं. ही दुहेरी अट पुरी करणारीं द्रव्यें फार थोडीं आहेत, आणि त्यांत चंदनाचा पहिला क्रम लागतो.

परंतु क्रमानें जावयाचें तर आरंभ वाळ्यापासून करावा लागतो. उन्हाळ्यांत ज्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडीत, ज्याची जुडी माठांत सोडीत, तोच हा वाळा. त्याचा वास ओल्या मातीचा, हिरवा, किंचित् धुरकट, आणि खोल गेल्यावर लाकडासारखा. कनौज येथील गंधी ह्या मुळांचें जें शुद्ध तेल काढतात, त्यास ‘रूह खस’ म्हणतात, आणि तांब्याच्या भांड्यांत काढलेल्या ह्या तेलास बहुधा हिरवट झांक असते. अत्तर आणि रूह ह्यांतील फरक येथें सांगून टाकणें बरें. रूह म्हणजे त्या वनस्पतीचें निव्वळ तेल. अत्तर म्हणजे त्या वनस्पतीची वाफ दुसऱ्या एका तेलांत, परंपरेनें चंदनाच्या तेलांत, मुरवून केलेलें द्रव्य. कनौजची पद्धत साधी आहे. तांब्याच्या मोठ्या देगेंत फुलें किंवा मुळें आणि पाणी घालून तोंड मातीनें लिंपतात, खालीं जाळ लावतात, आणि बांबूच्या चोंग्यांतून वाफ दुसऱ्या भांड्यांत नेतात. तें दुसरें भांडें, म्हणजे भपका, पाण्याच्या हौदांत ठेवलेलें असतें आणि त्यांत चंदनतेल असतें. वाफ थंड होते, सुगंध तेलांत उतरतो, पाणी निराळें काढून टाकतात. कारागीर हौदांतील पाण्याची ऊब हातानें पाहून जाळ कमीजास्त करतो. तेथें उष्णतामापक नसतो. ह्या अत्तरांना २०१४ सालीं भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें.

ह्याच पद्धतीनें निघणारें मातीचें अत्तर पावसाळ्याचें मानावें. भाजलेल्या मातीच्या टिकल्यांची वाफ चंदनतेलांत उतरवून तें करतात. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हें नांव ऑस्ट्रेलियांतील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं दिलें. हा वास कुपींत भरण्याची युक्ति मात्र आपल्याकडील गंध्यांनीं त्याच्या फार आधीं साधली होती, आणि त्या दोघांनींही आपल्या लेखांत तिचा उल्लेख केला होता. आश्विनांत हें अत्तर शिळें वाटतें. जमीन कोरडी झालेली असते, आणि नाकाला पावसाची वाट पाहण्याचें कारण उरलेलें नसतें.

तेव्हां आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यांत वाळा आणि चंदन ह्यांची जोडी धरावी. सकाळीं वाळा, संध्याकाळीं चंदन, असें वेगवेगळें लावलें तरी चालतें. दोन्ही मिसळून लावलीं तर चंदन वाळ्याला धरून ठेवतें आणि त्याचा ओलसर कडूपणा मऊ करतें. मुंबईच्या लोकांनीं ही जोडी अधिक दिवस चालवावी. समुद्राची दमट हवा तेथें दिवाळीनंतरही हटत नाहीं, आणि जें अत्तर पुण्यास कार्तिकांत शोभतें, तें दादरला मार्गशीर्षाच्या आधीं काढूं नये. नागपूरकरांचें उलट, तेथें दिवाळी होते न होते तोंच स्वेटर बाहेर निघतात.

चंदनाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण निवड करतांना सर्वांत अधिक फसवणूक तेथेंच होते.

चंदनाचें झाड हें अर्धें परोपजीवी आहे. त्याचीं पानें हिरवीं असतात, स्वतःचें अन्न तें स्वतः करतें. परंतु पाणी व क्षार ह्यांसाठीं तें आपलीं मुळें शेजारच्या झाडांच्या मुळांत रुतवतें. शेजार नसेल तर तें नीट वाढत नाहीं. त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडास वास नसतो. वास असतो तो आंतल्या पिवळसर, तपकिरी गाभ्यास. हा गाभा धरावयास दहा ते पंधरा वर्षें लागतात, आणि चांगलें तेल हवें असेल तर झाड तीस वर्षांचें तरी व्हावें लागतें. मुळांत तेल सर्वांत अधिक. म्हणून चंदन तोडीत नाहींत, खणून काढतात. म्हणजे चंदनाचा जो वास आज एखाद्याच्या मनगटावर आहे, त्यासाठीं एक झाड मुळासकट गेलेलें आहे, आणि त्याच्या जागीं लावलेलें रोप पुढच्या पिढीला उपयोगी पडावयाचें आहे.

टिपू सुलतानानें १७९२ सालीं ह्या झाडास राजवृक्ष ठरविलें, आणि तेव्हांपासून म्हैसूरच्या मुलखांत तें कोणाच्याही जमिनींत उगवो, मालकी सरकारची, असा प्रघात पडला. पहिल्या महायुद्धांत युरोपकडे जाणारें चंदन अडून राहिलें, तेव्हां म्हैसूर संस्थानानें तेल येथेंच काढावयाचें ठरविलें आणि १९१६ सालीं त्याचा कारखाना सुरू झाला. त्या तेलाचा लौकिक जगभर झाला, आणि चांगल्या चंदनास ‘म्हैसुरी’ म्हणण्याची चाल अद्याप आहे. परंतु आपल्या शेतांतील झाड आपलें नव्हे, उलट तें चोरीस गेलें तर जाब मात्र आपण द्यावयाचा, अशा कायद्याखालीं कोणता शेतकरी चंदन लावील? तो तर उगवलेलें रोप गुपचूप उपटून टाकणेंच पसंत करील. चोरटी तोड, झाडांस सुकवणारा ‘स्पाइक’ रोग आणि हा कायदा ह्या तिघांनीं मिळून दक्षिणेंतील चंदनवनें विरळ केलीं. कर्नाटकानें २००१ सालीं आणि तामिळनाडूनें २००२ सालीं कायदा बदलून झाडाची मालकी जमिनीच्या मालकास दिली. शहाणपण खरें, पण दोनशें वर्षें उशिरानें आलेलें. आज जगांतील संकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत भारतीय चंदनाचें नांव आहे, आणि ह्याच जातीचीं झाडें ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस मोठ्या प्रमाणावर लावून तेथून तेल बाहेर पाठविलें जातें.

ह्याचा परिणाम घरांतल्या कुपीपर्यंत येऊन पोहोंचला आहे. चंदनतेल महागलें तसें अत्तरांच्या बुडाशीं तें घालणें परवडेनासें झालें. त्याच्या जागीं पातळ पॅराफिन आणि थॅलेट जातीचीं निर्गंध द्रव्यें वापरलीं जाऊं लागलीं. गुलाब, केवडा, हिना ह्यांच्या जुन्या अत्तरांत फुलाचा वास ओसरल्यावर खालून जो चंदनाचा मऊ स्वर वर येत असे, तो पुष्कळ अत्तरांतून नाहींसा झाला. आजीच्या काळचा हिना असा नव्हता, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. ती केवळ म्हातारपणाची कुरकुर नव्हे. बूडच बदललें आहे.

मग खरें चंदन ओळखावें कसें? बाजारांत सांगितल्या जाणाऱ्या युक्त्या बहुतेक कुचकामाच्या आहेत. तेलाचा थेंब टिपकागदावर टाकावा, डाग राहिला तर भेसळ, ही कसोटी पातळ सुगंधी तेलांस लागू पडते. चंदनाचें तेल इतकें सावकाश उडतें कीं शुद्ध असलें तरी त्याचा डाग दिवसेंदिवस राहतो. खरें चंदनतेल पाण्यांत बुडतें, हेंही चूक. तें पाण्याहून किंचित् हलकें असतें. रक्तचंदनाचें लाकूड दाखवून चंदन म्हणून विकतात, तोही निराळाच प्रकार. रक्तचंदन ही वेगळ्या कुळांतील वनस्पति असून तिचा उपयोग रंगासाठीं व औषधासाठीं; सुगंध तिला जवळजवळ नाहींच.

खरी कसोटी पुष्कळ घरांत आधींपासून पडून आहे. देवघरांतील सहाण आणि तिच्यावर झिजत आलेलें चंदनाचें जुनें खोड! आजोबांच्या वेळचें असें खोड ज्या घरांत असेल, त्यांनीं अत्तर घ्यावयास जाण्यापूर्वी आठ दिवस रोज सकाळीं तें थोडें उगाळावें आणि शांतपणें हुंगावें. तो वास आरंभीं नाकांत भरत नाहीं. क्षणभर असें वाटतें कीं कांहींच नाहीं. मग दुधावरच्या सायीसारखा मऊ, किंचित् गोडसर, कोरडा असा तो पसरतो, आणि हात धुतल्यावरही राहतो. नाकाला ही ओळख पटली म्हणजे दुकानांतील कुपी उघडतांच जें झणझणीत, साबणासारखें, एकदम समोर येतें, तें दुसरें कांहीं आहे हें आपोआप कळतें. नवीन घेतलेल्या खोडावर मात्र हा भरंवसा ठेवतां येत नाहीं. साध्या लाकडास सुगंधी तेल चोपडून विकण्याचा धंदाही चालतो.

एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेंत केलेलीं चंदनगंधी द्रव्यें म्हणजे विष नव्हे, आणि त्यांतील कांहीं खरोखर सुंदर आहेत. ज्याला खरें चंदन परवडत नाहीं, त्यानें कृत्रिम म्हणून विकलेलें चांगलें कृत्रिम अत्तर घ्यावें. त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं, आणि एक झाड उभें राहतें. आक्षेप आहे तो कृत्रिमास ‘अस्सल म्हैसुरी’ म्हणून अस्सलाची किंमत घेण्यास. तसेंच कांहीं नाकांना विशिष्ट जड रेणू जाणवतच नाहींत, ही शास्त्राला ठाऊक असलेली गोष्ट आहे. नवऱ्याला वास येतो, बायकोला येत नाहीं. त्यावरून अत्तर खोटें ठरविण्यापूर्वी घरांतील आणखी दोघांचीं नाकें विचारांत घ्यावीं.

दिवाळी उलटली कीं नागरमोथ्याची वेळ येते. हें नांव सुगंधाच्या संदर्भांत अनोळखी वाटेल, पण प्रत्येक मराठी माणसाच्या अंगाला तो लागलेला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे लावलें जाणारें उटणें चाळून पाहिलें तर त्यांत चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद अशीं द्रव्यें सांपडतात. म्हणजे उटणें हें एका अर्थी काष्ठगंधच होय, आणि तें वर्षांतून नेमकें कधीं लावतात? पहाटेचा गारवा पहिल्यानें बोचूं लागतो तेव्हां. नागरमोथा हें लव्हाळ्याच्या जातीचें गवत. त्याच्या गांठदार मुळांचें अत्तर कोरडें, मातकट, किंचित् मसालेदार आणि धुरकट असतें. वाळ्यांत जो ओलेपणा आहे तो ह्यांत नाहीं, आणि अगराचा जडपणाही नाहीं. शरद आणि हेमंत ह्यांच्या सीमेवर उभें राहणारें ह्याच्याइतकें योग्य द्रव्य दुसरें दाखवितां येणार नाहीं, आणि किमतीनेंही तें सामान्य संसाराच्या आवाक्यांतलें आहे. आजकाल अगराच्या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत ह्याच नागरमोथ्याच्या तेलाचा हात असतो, ही त्याच्या गुणाची एक प्रकारें पावतीच म्हणावयाची.

देवदाराविषयीं थोडक्यांत. हिमालयांतील ह्या झाडाचें तेल उबदार व स्वच्छ वासाचें असतें. जुन्या चांगल्या पेन्सिली छिलतांना येणारा वास त्याच्या जवळचा आहे, जरी त्या पेन्सिलींचें लाकूड मुख्यतः अमेरिकेंतील एका निराळ्याच झाडाचें असे. कचेरींत जाणाऱ्या पुरुषांना कार्तिकांत हा वास शोभतो; कोणाच्या अंगावर येत नाहीं. मात्र एकटा देवदार लवकर कंटाळवाणा होतो. त्यांत चंदनाचा एक थेंब असावा.

आणि शेवटीं अगर. येथें शब्दाचा एक घोळ आधीं सोडविला पाहिजे. मराठींत ऊद म्हणजे देवापुढें निखाऱ्यावर घालावयाची एक राळ. अरबींत तोच शब्द लाकूड ह्या अर्थाचा, आणि सुगंधाच्या बाजारांत तो अगराला लावतात. देवळांतील उदाची आठवण मनांत धरून कोणी ‘ऊद’ नांवाची महाग कुपी विकत घेतली आणि घरीं येऊन ती उघडली, तर त्याला धक्का बसणारच; कारण अगराचा वास राळेसारखा गोड नसून खोल, कडवट, चामड्याची आणि कधीं कधीं गोठ्याचीही आठवण देणारा असतो. अगरबत्तीचें नांवही अगरावरूनच पडलें, परंतु आजच्या बहुतेक अगरबत्त्यांत अगर नांवालाही नसतो.

अगराचें निरोगी झाड निर्गंध असतें. आसामांत वाढणाऱ्या ह्या झाडाच्या खोडास किडीनें भोंकें पाडलीं, त्यांतून बुरशीचा शिरकाव झाला, कीं झाड त्या जखमेभोंवतीं काळसर राळ साठवूं लागतें. ती राळ मुरलेलें लाकूड म्हणजे अगर. राळ जितकी अधिक तितकें लाकूड जड, आणि उत्तम प्रतीचें लाकूड पाण्यांत बुडतें; बुडण्याची कसोटी शोभते ती येथें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजकोशांत घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंमध्यें चंदनाबरोबर अगराचेही प्रकार परीक्षेसह दिले आहेत. म्हणजे खऱ्याखोट्याची ही कटकट नवी नव्हे. रानटी झाडांची तोड इतकी झाली कीं १९९५ पासून ह्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घातले गेले. खरें अगर महागच असणार. स्वस्तांत मिळालें तर तें मिश्रण आहे असें समजून, मिश्रण म्हणून आवडत असेल तरच घ्यावें. आणि घेतलें तरी मार्गशीर्षाच्या आधीं उघडूं नये.

इतक्या थोड्या द्रव्यांतून निवड ती काय करावयाची, असें कोणास वाटेल. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत ह्याचा हिशेबच मांडून ठेवला आहे: सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडलीं तर १८२० निरनिराळ्या निवडी होतात, आणि प्रमाणें बदललीं तर प्रकारांची संख्या लाखाच्या वर जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत विलेपन हा राजाच्या उपभोगांपैकीं एक स्वतंत्र विषय आहे. आणि हें सारें संस्कृतांतच बंद होतें असेंही नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील प. कृ. गोडे ह्यांनीं १९४५ च्या सुमारास ‘गंधवाद’ नांवाचा एक ग्रंथ उजेडांत आणला. त्यावर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ त्यांनीं १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. सुगंध कसा सिद्ध करावा हें त्या काळीं कोणी तरी मराठींत समजावून सांगत होतें, आणि ऐकणारेही होते.

प्रत्यक्ष विकत घेतांना मात्र १८२० च्या फंदांत पडूं नये. एका वेळीं तीनांहून अधिक वास हुंगले तर नाक बोथट होतें. सकाळीं, न्याहारीनंतर, अंगाला दुसरा कोणताही वास न लावतां जावें. कुपीचें बूच हुंगून निर्णय करूं नये. बुचाशीं जें येतें तें अत्तराचें तोंड, काष्ठगंधाचें सारें महत्त्व बुडाशीं असतें. एक वास डाव्या हाताच्या पाठीवर, एक उजव्या, असे लावून दुकानांतून बाहेर पडावें. हळदीकुंकवास किंवा लग्नास आलेल्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावण्याची आपली जुनी पद्धत त्या दृष्टीनें शास्त्रशुद्ध आहे. तेथली कातडी तळहातासारखी घामेजत नाहीं आणि हात सहज नाकाशीं नेतां येतो. मग उन्हांतून घरीं यावें, जेवावें, कामें करावीं. तीन वाजतां जो वास डोकें न चढवितां टिकला आहे आणि रात्रीं गच्चीवर पुन्हां जाणवतो आहे, तो ह्या ऋतूचा. दुकानदार ‘आतां घ्या, पुन्हां मिळणार नाहीं’ म्हणूं लागला, तर दुसऱ्या दिवशीं जाण्याचें तें उत्तम कारण समजावें.

प्रमाणाचें एकच सांगणें पुरे. आश्विनांत कानांतल्या फायाला एक थेंब. दुसरा घ्यावयाचा तो दिवाळीनंतर. पांढऱ्या कपड्यांवर वाळा व अगर लावूं नयेत, डाग पडतात. कुप्या काचेच्या, घट्ट बुचाच्या, आणि उजेडापासून दूर कपाटांत असाव्या. चांगलें चंदन अशा ठिकाणीं वर्षानुवर्षें राहतें आणि जुनें होतां होतां अधिक मऊ होतें; लिंबूवर्गीय वासांना हें भाग्य नाहीं.

राहिली उन्हाळ्यांत माठांत सोडलेली वाळ्याची जुडी. आश्विनांत ती काढून स्वच्छ धुवावी आणि दोन दिवस ऑक्टोबरच्या कडक उन्हांत चांगली वाळूं द्यावी. वास गेलेला दिसला तरी मुळें सगळीं रितीं झालेलीं नसतात. ती जुडी मलमलीच्या तुकड्यांत बांधून गरम कपड्यांच्या ट्रंकेंत ठेवून द्यावी, म्हणजे मार्गशीर्षांत शाल बाहेर काढतांना तिच्या घडींतून थोडा उन्हाळा बाहेर येतो.